खाटेखालचं सिलिंडर

"दारात मोटरसायकल उभी, आणि यांना सरकारी गॅस कशाला?" हा सवाल मी पेणमध्ये किराणा दुकानात ऐकलाय, ग्रामसभेत ऐकलाय, एसटी स्टँडच्या बाकावरही ऐकलाय. विचारणारा माणूस वाईट नसतो. आपल्या कराचा पैसा गरजवंतालाच मिळावा, एवढंच त्याच्या मनात असतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी पेण आणि रोहा तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवरच्या बायकांना अर्ज भरून देते. फुकट्याच्या घरी गेलेली मदत मलाही दिसली. पण ज्यांच्यासाठी योजना काढली त्यांच्या उंबऱ्यापाशी येऊन परत फिरलेली मदत माझ्या पाहण्यात कितीतरी जास्त आहे. तिच्याबद्दल ग्रामसभेत कुणी तावातावाने बोलत नाही.

पेणला कसली थंडी, असं घाटावरचे पाहुणे हसतात. डिसेंबर-जानेवारीत डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवर एक रात्र काढावी, म्हणजे कळतं. कुडाच्या भिंती, वर प्लास्टिक घातलेलं छप्पर आणि पहाटे अंगावर येणारा गारठा. याच दिवसांत आमच्या गावातल्या पोरांचे पोपटीचे बेत चालू असतात. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला आणि भोवती पेटवलेला जाळ. आमची हौस भागते त्याच हंगामात वाडीवरच्या बाईला सरपणाची मोळी दूरवरून आणावी लागते, कारण तिच्या घरात चूल एकाच वेळी स्वयंपाक करते, पाणी तापवते आणि पोरांना शेकवते. एकीने मला सरळ सांगितलं, "बाई, गॅसवर भाकर व्हते, पन पोरांना ऊब कोन देनार?"

योजना आखताना हे कुणी धरलंच नाही. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली. गरीब घरातल्या बाईच्या नावे जोडणी आणि त्यासाठी 1600 रुपयांचं सरकारी साहाय्य. 2019 च्या सप्टेंबरमध्ये आठ कोटींचा आकडा गाठला गेला, आणि त्या आठ कोटीव्या जोडणीचा सोहळा आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादला झाला. जोडणी मिळाली हे खरं. पण जोडणी एकदाच घ्यायची असते, सिलिंडर पुन्हा पुन्हा भरायचं असतं. मग सिलिंडर खाटेखाली जातं. पावसाळ्यात सरपण ओलं झालं की, किंवा पाहुणे आले की, बाहेर निघतं. ते पाहून गावातला शहाणा म्हणतो, "बघा, दिलं तरी वापरत नाहीत."

तसं पाहिलं तर गॅसच्या बाबतीत आमचा रायगड जिल्हा श्रीमंत आहे. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो, तिथे त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा होतो. नागोठण्याचा मोठा कारखानाही याच वायूवर उभा राहिला. आणि त्याच जिल्ह्यात कातकरी आदिवासी आजही हंगामात कोळसा पाडायला जातात, दुसऱ्याच्या भट्टीसाठी.

आता माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट. रोह्याकडच्या एका वाडीवरच्या बाईला उज्ज्वलाची जोडणी होती. कागद पक्के होते, गॅसच्या पुस्तकावर नाव तिचंच होतं. तरी सबसिडी येत नव्हती. एजन्सीत गेलं की "बँकेत विचारा", बँकेत गेलं की "एजन्सीत विचारा". दोन्हीकडे जाण्यात तिचा रोज बुडायचा. शेवटी एका ओळखीच्या मुलाने आधारला कोणतं खातं जोडलंय ते तपासलं. सबसिडी दर वेळी नेमाने जमा होत होती, पण भलत्याच खात्यात. मधे कधीतरी वाडीवर आलेल्या एका माणसाने सगळ्यांचे अंगठे घेऊन नवी खाती उघडली होती. ते खातं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

हा प्रकार तिच्यापुरता नाही. आधारवरून जाणारा पैसा आपण सांगितलेल्या खात्यात जात नाही, आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. 2017 साली एका मोबाइल कंपनीने सिमकार्डची पडताळणी करता करता ग्राहकांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली आणि लाखो लोकांची गॅस सबसिडी तिकडे वळली. आधार प्राधिकरणाला कारवाई करावी लागली, तेव्हा पैसे परत फिरले. तेव्हा सबसिडी येत नाही असं वाटलं, तर बँकेच्या खिडकीवर भांडण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर कोणती बँक जोडलेली दिसते ते बघून घ्या. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा. आणि नवं खातं उघडण्यासाठी कुणी अंगठा मागितला, तर "याने माझं आधार इकडे जोडलं जाणार का?" हे आधी विचारा.

पहिल्या उज्ज्वलात आणखी एक मेख होती. शेगडी आणि पहिलं सिलिंडर ज्यांनी कर्जाऊ घेतलं, त्यांची सबसिडी कर्ज फिटेपर्यंत तेल कंपनीकडे वळती होत होती. अर्ज भरून घेणाऱ्याने हे समजावून सांगितलं नाही, की बाईला वाटायचं आपल्याला फसवलं. 2021 मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात शेगडी आणि पहिलं सिलिंडर मोफत झालं. स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालू लागलं. ही सुधारणा खरोखर चांगली आहे. पण ती वाडीपर्यंत पोहोचवणार कोण?

राज्याने 2024 मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना काढली. वर्षाला तीन सिलिंडर मोफत, उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र महिलांसाठी. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात सिलिंडर घेताना पूर्ण पैसे मोजायचे, मग ते खात्यात परत यायचे. 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबईत भाव 852 रुपये 50 पैसे झाला होता. पगारदार घराला एवढे पैसे चार दिवस अडकले तर काही वाटत नाही. रोजंदारीच्या घरात तेवढी रक्कम एकदम हातात असणं हीच अडचण. म्हणजे मोफत सिलिंडर मिळवण्यासाठी आधी ते विकत घेण्याइतकी ऐपत लागते. मोटरसायकलवर बोलणाऱ्याने यावर एकदा बोलावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मोटरसायकलचंच म्हणाल तर 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेत दुचाकी असलेलं घर गरिबांच्या यादीतून आपोआप बाहेर जात होतं. उज्ज्वलाची सुरुवात त्याच यादीवरून झाली. त्याच गणनेत आदिम जमातींची घरं मात्र आपोआप आत होती, आणि महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती त्यात मोडतात. नियमाने कातकरी कुटुंब पहिल्या रांगेत. पण यादी करणारा वाडीवर आला तेव्हा जे कुटुंब वीटभट्टीवर होतं, त्याची नोंद कोण करणार?

मदत कुणाला द्यावी हा वाद थंड देशांत थेट घर गरम ठेवण्याच्या खर्चावरून होतो. ब्रिटनमध्ये 1997 पासून सगळ्या वृद्धांना हिवाळ्यात इंधनासाठी पैसे मिळत. लंडनला मुलांकडे राहणाऱ्या आपल्याकडच्या काही आजी-आजोबांनाही ते ठाऊक असतील. श्रीमंत म्हाताऱ्यांना कशाला, म्हणून 2024 मध्ये तिथल्या सरकारने ही मदत फक्त गरीब पेन्शनरांसाठीचा पूरक भत्ता घेणाऱ्यांपुरती ठेवली. सुमारे एक कोटी लोक बाहेर गेले. त्यांत तो भत्ता मिळण्यास पात्र असूनही कधी अर्जच न केलेले लाखो गरीबही होते. आरडाओरडा झाला आणि 2025 मध्ये मर्यादा वर्षाला 35 हजार पौंड उत्पन्नापर्यंत वाढवावी लागली. शिकलेल्या, इंटरनेट असलेल्या देशात अर्जाची अट घातली की गरीब गळतो, तर आपल्या वाड्यांचं काय सांगावं!

आपल्याकडे 2015 मध्ये उलटा प्रयोग झाला, ज्याला परवडतं त्याने सबसिडी सोडावी. मीही सोडली. एक कोटीहून जास्त लोकांनी सोडली. पुढे 2020 च्या मध्यापासून सर्वसाधारण ग्राहकांची सबसिडी जवळपास बंदच झाली, त्यामुळे आमच्या त्यागाची ऐट फार टिकली नाही. पण कुणालाही रांगेत उभं करून, त्याच्या घरात डोकावून न बघता केलेली ती छाननी मला आजही बरी वाटते.

आता जे करायचं ते थंडीच्या आधी, किंबहुना दिवाळीच्या आत करा. दिवाळीनंतर मुकादम उचल देतो आणि टोळ्या वीटभट्ट्यांवर निघतात. मग जूनपर्यंत कुणी हाताशी लागत नाही. जोडणी नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर अन्नपूर्णेचा लाभ मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या. एजन्सीत आधार प्रमाणीकरण करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत, "केवायसीचे शंभर" मागणाऱ्याला पावती मागा, तो गप्प बसतो. गोदामातून सिलिंडर स्वतः उचललं तर घरपोचचा आकार बिलातून कमी व्हायला हवा. वाडीवर टेम्पो येत नाही म्हणून बायका ते डोक्यावर आणतात आणि पैसे मात्र घरपोचचे देतात. पावती वाचून घ्या. गळती झाली तर 1906 हा क्रमांक, उज्ज्वलाच्या तक्रारीसाठी 1800-266-6696.

एकदम पूर्ण पैसे जमत नसतील तर उज्ज्वलाच्या ग्राहकाला मोठं सिलिंडर देऊन पाच किलोचं घेता येतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. लहान सिलिंडर भट्टीवर नेणंही सोपं. पण अन्नपूर्णेतला मोफतचा लाभ 14.2 किलोच्या सिलिंडरलाच आहे, तेव्हा बदलण्याआधी वर्षात किती भरली जातात याचा हिशेब घाला. वर्षाला एखाद-दोनच भरणाऱ्या घराला मी पाच किलोचं सुचवते. तीन-चार भरणाऱ्याला थांबायला सांगते.

आणि सगळ्यांत मोठी गळती शिधापत्रिकेत आहे. एका पत्रिकेवर अन्नपूर्णेचा लाभ एकाच बाईला. आमच्याकडच्या वाड्यांवर म्हातारा-म्हातारी, तीन लग्न झालेले मुलगे आणि त्यांच्या बायका एकाच पत्रिकेवर असतात, चुली मात्र चार. धाकट्या सुनेचं नाव तर कित्येकदा माहेरच्या पत्रिकेवरच राहिलेलं असतं. तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणा, मग विभक्त पत्रिकेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत द्या आणि शिक्का-तारखेची पोच घ्या. जातीच्या दाखल्यासाठी अडलं तर पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करा, आणि जाताना एकटीने न जाता वाडीवरच्या चार-पाच जणींनी मिळून जा. एकीला "उद्या या" म्हणणं सोपं असतं, पाचजणींना एकदम परत पाठवायला साहेबही कचरतो.