घाम कशाचा? : लक्षणावरून मन ओळखण्याचे गणित

मानसशास्त्राच्या अभ्यासात एक प्रश्न वारंवार पुढे येतो. मन दिसत नाही. दिसते ते शरीर. मग शरीरावरून मन ओळखावे कसे?

आपल्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू व प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत, नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजयाच्या अंगी रोमांच, कंप, अश्रू व घाम दाटल्याचे वर्णन येते. हा घाम आनंदाचा. परंतु घाम भीतीनेही येतो, श्रमानेही येतो. म्हणून केवळ लक्षणावरून भाव ठरत नाही. त्याचे कारण, म्हणजे विभाव, पाहावा लागतो.

पॉलिग्राफ यंत्र श्वास, नाडी, रक्तदाब आणि घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युत्‌वाहकता नोंदवते. खोटेपणा नोंदवत नाही. तो अनुमानाने काढावा लागतो. अशा अनुमानाचे गणित थॉमस बेझ यांच्या १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चाचणी १०० पैकी ९० अपराध्यांना ओळखते व १०० पैकी १० निरपराध्यांनाही दोषी ठरवते. गावातील चोरीत १०० संशयित असून चोर एकच आहे. ९९ निरपराध्यांपैकी सरासरी ९.९ जण अडकतील, चोर सापडण्याचा हिस्सा मात्र ०.९. म्हणजे यंत्राने दोषी ठरवलेला माणूस खरोखर चोर असण्याची संभाव्यता ०.९ ÷ १०.८, सुमारे ८ टक्के! संशयित दोघेच असते, तर हीच संभाव्यता ९० टक्के झाली असती. यंत्र तेच, घाम तोच. बदलली ती आधीची माहिती. साहित्यात जे काम विभावाचे, तेच गणितात या पूर्वसंभाव्यतेचे.

हा केवळ पुस्तकी विचार नव्हे. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींच्या चाचणीचा अहवाल आरोपींविरुद्ध ग्राह्य धरला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ वा मेंदूलहरींची चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. तशी सक्ती राज्यघटनेच्या २० (३) व २१ या अनुच्छेदांचा भंग ठरते.

लक्षणे मोजण्याची साधने दिवसेंदिवस सूक्ष्म होत आहेत. पण घाम मोजणे निराळे आणि तो कशाचा हे जाणणे निराळे. हा भेद विसरला, तर त्याची किंमत एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते.