परसबागेचें पाणी

शास्त्रपाठ : अनुवाद ११:१०–१२, उत्पत्ति २६:१७–२२, योहान ६:१२

अनुवादाच्या या भागांत मोशे दोन भूमींची तुलना करितो. मिसर देशांत भाजीच्या मळ्याप्रमाणें पायानें पाणी द्यावें लागे; पण इस्राएल लोक ज्या देशांत जाणार होते, तो डोंगराखोऱ्यांचा देश आकाशांतील पाऊस पिणारा होता. आमच्या पुष्कळ वाचकांची वस्ती दख्खनच्या अवर्षणाच्या पट्ट्यांत आहे. तेथें वर्षाकाठीं सुमारें ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. म्हणजे आमची भूमि या दुसऱ्या प्रकारची आहे. परंतु परसांत आम्ही वागतों मात्र जणूं नील नदी कुंपणाशीं वाहत आहे.

हें आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. एका उन्हाळ्यांत मंडळीच्या सभेसाठीं पाहुणे येणार होते. बाग हिरवी दिसावी म्हणून आम्हीं भर दुपारीं नळी सोडून ठेविली. पाणी वाफे भरून वाटेवर आलें, आणि त्याच वाटेवर मंडळीच्या बाया टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसल्या होत्या. त्यांपैकीं एका आजीबाईंनीं विचारिलें, "पाळकसाहेब, तुमच्या दुधीला आमच्यापरीस जास्त तहान लागती का?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. त्या रविवारचा उपदेश इसहाकाच्या विहिरींवर होता; तो आम्हीं खालच्या आवाजांत केला.

हिशेब साधा आहे. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा हिरवळ म्हणजे सुमारें १०० चौरस मीटर. उन्हाळ्यांत तिला दिवसास ५ मिलिमीटर जरी धरिलें, तरी ५०० लिटर झालें. सन २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीचें पाणी सुमारें ५ लाख लिटर होतें. तें सगळें हिरवळीवर ओतिलें असतें, तर २५ एकरांना एक दिवस पुरलें असतें. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, प्रार्थनामंदिरापुढें हिरवळ राखण्याचा हट्ट आमच्या गांवांनीं सोडावा. ज्यांस ती हवीच, त्यांनीं आपली देशी हरळी लावावी. ती उन्हाळ्यांत पिवळी पडते, मेलीशी वाटते, आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हां हिरवी होते. मध्यंतरीं तिला पाणी घालण्याचें कारणच नाहीं.

भाजीच्या वाफ्यांची गोष्ट वेगळी. तेथें लेकरांचें अन्न आहे. परंतु पाणी सकाळीं उन्हापूर्वीं किंवा दिवस कलल्यावर द्यावें. दुपारच्या पाण्याचा वांटा ऊन व वारा घेऊन जातात. रोज थोडें शिंपडल्यानें मुळें वरवरच राहतात व झाड नाजूक होतें. त्याऐवजीं दोनतीन दिवसांआड खोलवर जाईल असें पाणी द्यावें. देण्यापूर्वीं बोट मातींत घालून पाहावें; दोन पेरांखालीं ओल लागली तर त्या दिवशीं घागर उचलूं नये. वाफ्यावर वाळलेला पाला, उसाचें पाचट किंवा भुसा दोनतीन इंच पसरावा, मात्र खोडाला टेकवूं नये. टेकल्यास खोड कुजतें. पाला नसेल तर खुरपें घ्यावें. एक कोळपणी म्हणजे अर्धें पाणी, असें शेतकरी म्हणतात तें खरें आहे. वरची माती भुसभुशीत झाली कीं काळ्या जमिनीच्या भेगा बुजतात आणि खालची ओल खालीं राहते.

वेलांसाठीं मडक्याची रीत आम्हांस सर्वांत आवडते. न रंगविलेलें, न झिलई दिलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, त्यांत पाणी भरावें व झांकण ठेवावें, म्हणजे डांसही होत नाहींत. भोंवतीं दुधी, कारलें किंवा भोपळ्याचें बीं लावावें. माती कोरडी होईल तसतसें मडकें पाझरतें. माती ओली असली म्हणजे पाझर मंदावतो. मुळें आपण होऊन मडक्याला वेढा घालितात. गढूळ पाण्यानें छिद्रें बुजतात, यास्तव पाणी फडक्यानें गाळून भरावें.

मोरीचें पाणी फुकट जाऊं देऊं नये. आंघोळीचें व भांडीं विसळलेलें पाणी केळ, अळूं आणि कर्दळ यांस चालतें. कपडे धुण्याचा सोडा ज्यांत आहे तें पाणी रोज एकाच जागीं ओतूं नये, जमीन चिबड होते. कच्च्या खाण्याच्या पालेभाजीवर मोरीचें पाणी मुळींच नको.

योहानाच्या वचनाकडे धडा शिकविणाऱ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. पांच भाकरींनीं पांच हजारांस जेवूं घालणाऱ्या प्रभूला उरलेल्या तुकड्यांची काय गरज होती? पाहिजे तर त्यानें पुन्हां निर्माण केल्या असत्या. तरी त्यानें ते गोळा करविले. वर्गांत याबरोबर एक प्रयोग करून दाखवावा. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत सारखी माती घालून प्रत्येकींत एक तांब्या पाणी ओतावें. एकीवर पाला पसरावा, दुसरी उघडी ठेवावी, आणि दोन्ही उन्हांत ठेवाव्या. तीन दिवसांनीं मुलांनाच बोट घालून पाहूं द्यावें.

त्या आजीबाईंस आम्हीं पुढें एक मडकें नेऊन दिलें. त्यांनीं तें दाराशीं पुरलें व भोंवतीं दुधी लाविली. पहिला दुधी त्यांनीं आमच्याच घरीं पाठविला.