कॉफीच्या दाण्यासारखं केंद्रक

प्रश्न : आत्याची बीजांडकोशाची गाठ अठरा वर्षांपूर्वी पुण्यात काढली होती. आता पोटात पुन्हा गाठ दिसली, म्हणून इथे सुईने नमुना घेतला. रिपोर्टात पेशींची केंद्रकं 'कॉफीच्या दाण्यासारखी' असं लिहिलंय. म्हणजे काय?
– एक वाचक, शारजा

उत्तर : तुमच्याकडच्या एक दिरहमच्या नाण्यावर 'दल्ला' आहे, कॉफीची अरबी किटली. त्या किटलीत पडणारा दाणा तळहातावर घेऊन बघा. लांबट, आणि मधोमध उभी चीर. बीजांडकोशात बीजाभोवती असणाऱ्या ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीत केंद्रकाचं आवरण आत दुमडतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली अगदी तशीच चीर दिसते. काही ठिकाणी या पेशी एका थेंबाभोवती फेर धरून बसतात. अशी रचना एमा कॉल या अमेरिकन डॉक्टरीणबाई आणि व्हिएन्नाचे झिग्मुंड एक्सनर यांनी 1875 मध्ये सशाच्या बीजांडकोशात पाहिली, म्हणून ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

बीजांडकोशाच्या नेहमीच्या आक्रमक कर्करोगात केंद्रकं बेढब, गडद आणि एकमेकांशी न जुळणारी असतात. आत ठसठशीत ठिपका दिसतो. ग्रॅन्युलोसाची केंद्रकं मात्र फिकट, जवळपास एकसारखी, बघायला शांत. तरी मला हीच गाठ जास्त सावधपणे बघावीशी वाटते, कारण ती हळू वाढते आणि वीस वर्षांनीही परत येऊ शकते. आत्याच्या बाबतीत अठरा वर्षांचं अंतर आहे, म्हणून तो जुना आजार इथे फार महत्त्वाचा.

मात्र चीर म्हणजे निकाल नव्हे. ती बीजांडकोशाच्याच ब्रेनर गाठीत असते, थायरॉइडच्या एका कर्करोगातही असते. म्हणून डॉक्टर रक्तातलं इनहिबिन हे संप्रेरक बघतात, पेशींवर खास रंग चढवतात. प्रौढ वयातल्या ग्रॅन्युलोसा गाठींत जवळजवळ नेहमी फॉक्सएल2 या जनुकात एकच ठराविक बदल सापडतो, हे 2009 मध्ये कळलं.

आता तुमच्या हातात आहे ते सांगतो. पुण्यातल्या रुग्णालयाला आजच फोन करा आणि आत्याच्या गाठीचा मेणातला ब्लॉक अजून जपून ठेवलाय का ते विचारा. जुनी आणि नवी पेशी शेजारी ठेवली की पॅथॉलॉजिस्टचा अर्धा प्रश्न सुटतो. दुसरं मत हवं असेल तर मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक आणि स्लाइड तपासून मिळतात. आखातातली माणसं नोकरीबरोबर देश बदलतात आणि कागद मागे राहतात. शारजाच्या स्लाइडचा क्रमांकही आत्याच्या फायलीत आजच लिहून ठेवा.