पन्नासची की शंभरची?

आमच्या आत्याला थायरॉइडची पन्नासची गोळी चालू होती. एकदा मेडिकलमध्ये पन्नासची बाटली संपलेली. दुकानदाराने शंभरची काढून दिली आणि म्हणाला, "त्यांना रोज अर्धीच घ्यायला सांग." औषध आणायला गेला होता शेजारचा मुलगा. बाटली पोचली, निरोप वाटेत राहिला. नाव तेच, कंपनी तीच; आत्या रोज सकाळी अनशापोटी अख्खी गोळी घेत राहिली.

लगेच काहीच झालं नाही. हे औषध अंगात सावकाश साठतं. घेतलेल्यातलं निम्मं बाहेर पडायलाच आठवडाभर लागतो. मग हळूहळू छातीत धडधड, हाताला कंप, झोपेचं खोबरं. घरच्यांनी आधी वयावर खापर फोडलं, मग चहावर. रक्त तपासलं तर टीएसएच पार तळाला गेलेला. डॉक्टरांनी बाटली बघायला मागितली, तेव्हा उलगडा झाला. त्या वयात असा दुप्पट डोस हृदयाचे ठोके बिघडवू शकतो. आत्याचं तेवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून घरात आलेलं प्रत्येक औषध मी वाचते. नाव ठळक छापतात, आकडा बारीक, आणि आकड्यापुढचं एकक त्याहून बारीक. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. थायरॉइडच्या बाटलीवर ५० मायक्रोग्रॅम असतं. कागदावर कुणी ०.०५ मिलिग्रॅम लिहिलं, तरी गोळी तीच. ०.१ म्हणजे शंभरची. घाईच्या अक्षरात एक शून्य गळलं की डोस दहापट!

मधुमेहाच्या गोळ्यांत गफलत वेगळी. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेल्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे एम१, एम२ असतं. "एम२ नाही, एम१च्या दोन घ्या," हा सल्ला मी काउंटरवर ऐकलाय. हा एक-दोनचा आकडा फक्त ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा. मेटफॉर्मिन सहसा दोन्हींत ५००च असतं, म्हणजे दोन एम१ घेतल्या की ते १००० जातं. उलट एम२ अर्धी करून एम१चं काम भागवायचं म्हटलं, तर तेही चुकतं. त्यातलं मेटफॉर्मिन बहुधा हळूहळू सुटणारं असतं, अशी गोळी मोडायची नसते.

इन्सुलिनच्या बाबतीत तर जिवाशी गाठ. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या, पेनमधलं इन्सुलिन सहसा १०० युनिटचं. सिरिंजही वेगळ्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजने १००चं इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात पंचवीस युनिट जातात आणि साखर काही तासांत कोसळते.

काउंटरवरून हलण्याआधी नाव, आकडा आणि एकक चिठ्ठीशी ताडून बघा. पॉवर बदलून मिळत असेल तर आधी डॉक्टरांना फोन करा, आणि ठरेल तो डोस बाटलीवरच लिहून घ्या. निरोपावर सोडू नका.