कपाटातल्या मामांची दीड मिनिट वाट

प्रश्न : आमच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर भाच्याने लिनक्स टाकून दिलं. वर्षभर छान चाललं. मध्यंतरी दुसरी हार्डडिस्क बिघडली म्हणून काढून ठेवली. हल्ली सकाळी मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ येते, लाल चांदण्या इकडून तिकडे पळतात आणि दीड मिनिटाने गाडी पुढे सरकते. तोवर गिऱ्हाईक ताटकळतं. परत विंडोज टाकावं का?
— एक वाचक, सेलू

उत्तर : मुळीच नको. दुखणं कुठलं ते तुमच्याच प्रश्नात आलंय : ती काढून ठेवलेली डिस्क.

मामा नवरीला घेऊन येईपर्यंत अंतरपाट धरून सगळे उभे असतात ना, तसा तुमचा संगणक उभा आहे. फक्त हे मामा कपाटात पडलेत! सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या याची यादी 'इटीसी' फोल्डरमधल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये असते. तुमच्या यादीत त्या डिस्कचं नाव अजून आहे. सगळ्या सेवा सुरू करून देणारा कारभारी म्हणजे 'सिस्टमडी'. डेबियन आणि उबुंटूने तो 2015 मध्ये स्वीकारला. जमेल तेवढी कामं तो एकदम लावतो, पण यादीतलं कुणी आलं नाही तर सहसा 90 सेकंद थांबतो. तेच तुमचं दीड मिनिट.

आधी त्या फाइलची प्रत काढा, कारण चुकीच्या ओळीला हात लागला तर मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसेल. मग त्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. डिस्क दुरुस्त करून कधीमधी लावणार असाल तर ओळ ठेवा आणि पर्यायांत 'नोफेल' लिहा. मामा आले तर आले.

भाचा कदाचित 'सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम' चालवून सगळ्यात वरची सेवा बंद करायला निघेल. त्याला थांबवा. ती बिचारी एका बाजूला रेंगाळत असेल, कुणालाही न अडवता. कोण कुणामुळे खोळंबलं ते 'क्रिटिकल-चेन' दाखवतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. ओळीत 'फाइल सिस्टम चेक' आणि पुढे 'नो लिमिट' दिसलं तर बटण दाबून मशीन बंद करू नका. लाईट गेल्यावर धाडकन बंद पडलेल्या डिस्कची ती तपासणी असते, ती पुरी होऊ द्या. परभणी जिल्ह्यात लाईट किती वेळा जाते हे मी तुम्हाला काय सांगावं! दुकानात यूपीएस नसेल तर भाच्याला पुढच्या खेपेला तेच आणायला सांगा.