प्रवासात बाळाला बसवायचं कशात?

प्रश्न : आमची मुलगी आठ महिन्यांची आहे. लग्नासाठी मुंबईला जायचंय. तिला भरवायला सोबत नेता येईल अशी कोणती खुर्ची घ्यावी?
– एक आई, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : आधी एक पाहा, मुलगी आधाराशिवाय नीट बसते का? बसत असेल तरच खुर्ची घ्या.

टेबलाच्या कडेला चापाने अडकवायची खुर्ची सुटसुटीत असते. पण काचेच्या, एका खांबाच्या किंवा घडीच्या टेबलाला ती लावू नये. मंगल कार्यालयातली टेबलं बहुधा घडीचीच, तेव्हा ती बाद. कापडी पट्ट्यांचं आसन पिशवीत मावतं, पण त्याला जड, भक्कम पाठीची खुर्ची लागते. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची बाळासकट कलंडू शकते.

तुम्ही घडीचं बूस्टर सीट, म्हणजे मोठ्या खुर्चीला बांधता येणारं ट्रेचं छोटं आसन घ्या. पाहुण्यांकडे खाली पंगत बसली तरी ते सरळ फरशीवर ठेवून मऊभात भरवता येतो. ओट्यावर किंवा टेबलावर मात्र ठेवू नका. घेताना दोन पायांमधून येणारा पट्टा आहे ना, ते तपासा. तो नसेल तर बाळ ट्रेखालून घसरतं. खुर्चीला बांधायचे पट्टे दोन हवेत, एक पाठीला, एक बैठकीला. ट्रे सुटा करून धुता यावा.

रेल्वेने गेलात, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थवर हे सीट नको. तिथे मांडीवरच घेऊन भरवा. मोटारीतही ते कार सीटच्या जागी चालत नाही. आणि पट्टे बांधलेले असले, तरी बाळाला सोडून उठू नका.