रिठ्याचा फेस

तुमच्या घरी साबण आहे का? आहे. आता सांगा, तो कुठे आहे?

अंगाचा साबण न्हाणीत असतो. कपड्यांचा साबण धुण्याच्या दगडाजवळ असतो. एखादी वासाची वडी पाहुण्यांसाठी फळीवर ठेवलेली असते. पण हात धुण्याचा साबण कुठे आहे? संडासातून किंवा परसाकडून आल्यावर पहिला हात जिथे पडतो, तिथे आहे का? भाकरी थापायला बसण्याआधी जिथे हात धुतो, तिथे आहे का? तिथे बहुधा तांब्याभर पाणी असते. फार तर मातीचे एक ढेकूळ असते.

पोर साबणाकडे हात नेते. लगेच कोणीतरी ओरडते, "अरे, किती झिजवतोस वडी!" पोर हात मागे घेते. नुसत्या पाण्यात बोटे बुडवते आणि जेवायला बसते. साबण घरात असतो, पण पोराच्या हाताला लागत नाही.

ओरडणाऱ्याचेही फार चुकते असे नाही. वडीला पैसे पडतात. म्हणून हात धुण्यासाठी अशी वस्तू हवी, की ती कितीही वापरली तरी कोणी ओरडू नये. अशी एक वस्तू आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे रिठा.

आधी हे पाहू, की नुसते पाणी का पुरत नाही.

आपल्या हाताला थोडा तेलकटपणा नेहमीच असतो. अंगाचे तेल असते, स्वयंपाकाचे तेल असते. त्या तेलकटपणाला घाण चिकटून बसते. ती घाण इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, हे तुम्ही जाणताच. आमटीवर तेलाचा तवंग येतो. तसेच हातावर होते. पाणी वरून वाहून जाते आणि तेल, घाण जागच्या जागी राहते.

शौचाची घाण अशी हातावर राहिली, की ती भाकरीत जाते, पाण्याच्या माठात जाते, पोराच्या तोंडात जाते. मग जुलाब लागतात. मोठा माणूस जुलाब सोसतो. तान्ह्या मुलाच्या अंगातले पाणी दिवसा-दोन दिवसांत निघून जाते. डोळे खोल जातात, टाळू बसते. आजही जगात पाच वर्षांच्या आतली जी मुले दगावतात, त्यांतली पुष्कळ जुलाबाने दगावतात. हात धुण्याची गोष्ट लहान दिसते, ती लहान नाही. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हाही सगळीकडे हेच सांगणे होते: साबण लावा, वीस सेकंद हात चोळा.

मातीने हात घासले तर? माती घाण खरवडते, हे खरे. पण अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात. एक घाण काढून दुसरी लावण्यात काय हशील? साबण नसेल तर मातीपेक्षा चुलीतली स्वच्छ, कोरडी राख बरी.

आता रिठ्याकडे वळू.

रिठ्याचे झाड कोकणात आणि घाटावर पुष्कळ ठिकाणी आहे. झाड मोठे होते. फळे झुपक्यांनी लागतात. आपल्याकडच्या रिठ्याची फळे पुष्कळदा तीन-तीन एकमेकांना चिकटलेली दिसतात. फळ वाळले की साल सुरकुतते आणि तपकिरी होते. आत काळे, टणक बी असते. झाड जवळ नसले, तर वाण्याकडे किंवा काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेले रिठे मिळतात.

रिठा आपल्याला नवा नाही. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात उजळतो. रेशमी लुगडे आणि लोकरीचे कापड जाणती माणसे रिठ्याच्याच पाण्यात धुतात. आजी-पणजी केसांना रिठा-शिकेकाई लावत. दुकानातली वडी गावात आली आणि रिठा मागे पडला.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. या द्रव्याला जणू दोन हात आहेत. एका हाताने ते पाणी धरते, दुसऱ्या हाताने तेल धरते. पाणी वाहू लागले, की तेलही त्याच्याबरोबर ओढले जाते आणि तेलाला चिकटलेली घाणही निघते. दुकानातला साबणसुद्धा याच रीतीने काम करतो.

रिठ्याचा आणखी एक गुण आहे. काही गावांत विहिरीचे पाणी जड असते. त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. उलट पाण्यावर पांढरट चोथा धरतो. तुमच्या गावचे पाणी असे असेल, तर रिठा वापरून पाहा. जड पाण्यातही रिठ्याचा फेस होतो.

पाणी करण्याची रीत सोपी आहे. पंधरा-वीस वाळलेले रिठे घ्या. खलबत्त्यात किंवा दगडाने हलकेच फोडा. बिया काढून टाका. बियांना फेस येत नाही. सालीची पूड मात्र करू नका. पूड नाकात गेली की शिंकांनी जीव हैराण होतो. साली एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळा. पातेले मोठे घ्या आणि जवळ उभे राहा, कारण हे पाणी दुधासारखे उतू जाते. निवले की साली हाताने चांगल्या कुस्करा. मग स्वच्छ फडक्यातून गाळा. चहासारखे तपकिरी पाणी मिळेल. वास थोडा आंबूस असतो. तो आवडत नसेल, तर उकळताना लिंबाची साल टाका. कोणी कडुलिंबाचा पाला टाकतात, कोणी तुळस टाकतात. खुशाल टाका, पण त्यामुळे पाण्याला औषधाचा गुण आला असे समजू नका.

गाळून राहिलेल्या साली लगेच फेकू नका. आणखी एकदा उकळून भांडी घासायला पाणी होते.

आता फेस कसा करावा? फेस म्हणजे पाण्याच्या पातळ पापुद्र्यात कोंडलेली हवा. पाण्यात हवा घुसळली की फेस आला. बायांना हे सांगायला नको, रोज ताक घुसळणाऱ्या हाताला ते ठाऊक आहे. भांड्यात थोडे रिठ्याचे पाणी घ्या आणि रवीने घुसळा. भांडेभर पांढरा फेस उभा राहील. रवी मात्र वेगळी ठेवा, ताकाची घेऊ नका.

रोजच्या वापराला बाटली बरी. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या. बुचाला तापल्या दाभणाने एक बारीक भोक पाडा. बाटलीत अर्धेच पाणी भरा. अर्धी बाटली रिकामी हवी, नाहीतर फेसाला हवा कुठून मिळणार? भोकावर बोट ठेवून बाटली चार-पाच वेळा हलवा, उलटी करा आणि दाबा. तळहातावर फेस येईल. शहरात फेस देणारी दट्ट्याची बाटली मिळते. ती रिकामी झाली की कोणी फेकून देतात. मिळाली तर घ्या. तिच्या तोंडाशी बारीक जाळी असते. त्या जाळीतून पाणी आणि हवा एकदम बाहेर येतात, म्हणून फेस येतो. जाळीत कण अडकू नये, यासाठी रिठ्याचे पाणी दोनदा गाळून भरा.

फेसात हवाच जास्त असते. म्हणून थोड्या पाण्यात पुष्कळ हात धुऊन होतात.

एका घरी सुनेने असे पाणी केले. सासू बघत होती.

"काय गं हे चहासारखं?"

"आत्याबाई, रिठ्याचं पाणी हाय. हात धुवायला."

"आनि साबन काय झाला?"

"साबन हाय की. पर तुमी त्यो पोरास्नी लावू देत न्हाई."

सासू हसली. म्हणाली, "आन इकडं." तिने हातावर फेस घेतला, लगेच पाण्याखाली धरला आणि पदराला हात पुसले. "झालं बघ. हलका वाटतोय हात."

"न्हाई आत्याबाई, तसं न्हाई. घासायचं ऱ्हायलं की!"

सुनेचे म्हणणे खरे होते. फेस पाहून माणूस फसतो. फेस पुष्कळ आला म्हणजे हात पुष्कळ स्वच्छ झाला, असे मुळीच नाही. घाण निघते ती चोळण्याने आणि वाहत्या पाण्याने. फेसाचा उपयोग एवढाच, की हात कुठवर पोचला ते तो दाखवतो. आधी हात ओले करा. फेस घ्या. तळहात चोळा, मग हाताची मागची बाजू चोळा. बोटांच्या बेचक्यांत फेस दिसतो का, बघा. अंगठा पुष्कळदा कोरडा राहतो, त्याला मुठीत धरून फिरवा. नखे तळहातावर खरवडा. सावकाश वीस आकडे मोजा. मग तांब्याने पाणी ओतून हात धुवा. भरलेल्या बादलीत हात बुडवू नका. एकाची घाण दुसऱ्याला लागते. पुसायला पदर नको. हात झटका आणि वाऱ्यावर वाळू द्या.

त्या घरच्या सासूला हे पटले. अंगठ्याची गोष्ट तर तिने शेजारणीलाही दाखवली.

काही गोष्टी सांभाळायला हव्यात. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले तर फार झोंबते. गेलेच, तर डोळे चोळू नका. स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवा. हे पाणी पोटात गेले तर उलट्या होतात. म्हणून बाटली लहान मुलाच्या हाती एकट्याने देऊ नका. रिठ्याने मासे मरतात, म्हणून उरलेले पाणी ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. ज्याच्या हाताला रिठ्याने खाज सुटते, त्याने तो वापरू नये.

हे पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस, थंडीत चार-पाच दिवस, घरी फ्रिज असेल तर आठवडाभर. वास बदलला, तार सुटली किंवा वर बुरशी दिसली, की परसात ओतून टाका. नासलेल्या पाण्याने हात धुणे म्हणजे न धुण्यापेक्षा वाईट. म्हणून थोडे करा आणि पुन्हा करा. वाळलेले रिठे मात्र कोरड्या डब्यात पुष्कळ महिने राहतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात कोणी जुलाबाने आजारी आहे, बाळंतीण आहे, कोणाची जखम धुवायची आहे, अशा वेळी दुकानातल्या साबणानेच हात धुवा. साबणाची परीक्षा जगभर झालेली आहे. रिठ्याची तेवढी झालेली नाही. रोजच्या हात धुण्याला रिठा चांगला, पण अशा वेळी काटकसर करू नये.

साबणही पुरवून वापरता येतो. झिजून पातळ झालेले साबणाचे तुकडे आपण टाकून देतो. ते जमवा. वाळवून किसणीवर किसा. अर्धा लिटर कढत पाण्यात दोन चमचे कीस टाका आणि ढवळा. पाणी निवल्यावर बाटलीत भरा. कढत पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओतू नका. या पाण्यालाही हलवले की फेस येतो. घरी साबणच तयार करावा, असे काहींना वाटते. त्यासाठी तेल आणि कॉस्टिक सोडा लागतो. कॉस्टिक सोडा अंगाला लागला तर कातडी भाजते, डोळ्यांत गेला तर डोळा जातो. पोराबाळांच्या घरात त्या वाटेला जाऊ नये, असे आमचे मत आहे.

बाटली भरली, आता ती कुठे ठेवावी? फळीवर नको, कपाटात नको. एक बाटली संडासाच्या दाराजवळ, मुलांच्या हाताला येईल पण तान्ह्याच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर दोरीने टांगा. दुसरी मोरीजवळ ठेवा. जवळ पाण्याचा तांब्या भरून ठेवा.

शेवटचे काम तुमच्या लेखणीचे आहे. रिठ्याचे पाणी चहासारखे दिसते. बाटली सरबताची असेल, तर कोणी तहानेल्या पोटी तोंडालाही लावील. म्हणून तिच्यावर चिठ्ठी लावायची. कागदाचा तुकडा घ्या. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहा. खळीने चिकटवा आणि वरून पारदर्शक पट्टी लावा, म्हणजे अक्षरे भिजणार नाहीत. पाणी नवे केले की तारीखही नवी लिहा. चिठ्ठीवर असे लिहा:

रिठ्याचे पाणी
हात धुण्यासाठी
पिऊ नये
केल्याची तारीख: ..........